पुसू नये

गेल्या डिसेंबरात न्यू जर्सीहून व्हॉट्सॲपवर एक फोटो आला. बेसमेंटच्या फरशीवर पुठ्ठ्याची दोन खोकी, आणि त्यांत पुस्तकांसारख्या उभ्या लावलेल्या व्हीएचएस टेपा. खाली मजकूर : ‘वहिनी, घर विकायला काढलंय. मुलांना यातलं काही नको. टाकून देऊ ना?’

लिहिणारे आमच्या मराठी मंडळातले जुने स्नेही. 1980 च्या दशकात त्यांचं बेसमेंट म्हणजे मंडळाचं व्हिडिओ ग्रंथालयच होतं. मी मागचापुढचा विचार न करता ‘थांबा, टाकू नका’ असं लिहून मोकळी झाले. का टाकायच्या नाहीत, हे मात्र तेव्हा मला धड सांगता आलं नसतं. सत्तरीकडे झुकलेल्या बाईला जुन्या टेपा टाकवत नाहीत, यात नवल ते काय! पण नंतर जसजसा विचार करत गेले तसतसं वाटायला लागलं, की हा माझ्या किंवा त्यांच्या आठवणींचा प्रश्न नाहीच. तो सरकारी दप्तराचा आहे.

मी 1986 साली लग्न होऊन तिकडे गेले. आई आणि धाकटा भाऊ दादरला. मामानं दुबईहून आणलेला व्हीसीआर घरात होता आणि भावाला त्याचं भारी कौतुक. संध्याकाळी मुंबई दूरदर्शन लागलं की तो टेप चढवून तयार. कधी ‘गजरा’मधली नाटुकली, कधी एखादं नाटक, कधी ‘प्रतिभा आणि प्रतिमा’मधली मुलाखत. जाहिराती आल्या की टेप वाचवायला तो पॉझ दाबायचा आणि आई ओरडायची, ‘राहू दे रे, ताईला जाहिराती पण बघू देत.’ त्यामुळे काही टेपांत लिज्जत पापडाचा ससा आहे, काहींत नाही. त्या संध्याकाळी आई घरात होती की देवळात गेली होती, ते त्यावरून कळतं.

टेप भरली की भाऊ तिच्या कडेची प्लॅस्टिकची बारकी चीप स्क्रू-ड्रायव्हरनं मोडायचा. ती मोडली की व्हीसीआर त्या टेपेवर पुन्हा रेकॉर्ड करत नाही. तेवढ्यानंही त्याचं समाधान व्हायचं नाही, म्हणून लेबलावर कार्यक्रमाचं नाव, तारीख, आणि खाली लाल बॉलपेननं दोन शब्द : ‘पुसू नये’. मग कुणी अमेरिकेला निघालं की त्यांच्या बॅगेत, लोणच्याची बरणी आणि कुकरच्या रिंगा यांच्या मधे, टॉवेलात गुंडाळलेल्या दोन-तीन टेपा.

टेपा पोचल्या म्हणजे लगेच बघायला मिळत असंही नाही. भारतातली टेप पॅल पद्धतीची, 625 रेषांची. अमेरिकेतला व्हीसीआर एनटीएससी, 525 रेषांचा. आपली टेप तिथल्या यंत्रात घातली की पडद्यावर नुसत्या मुंग्या, आणि त्यातून मधेच वर सरकत जाणारा एखादा वाकडातिकडा चेहरा. या स्नेह्यांनी पदरचे बरेच डॉलर घालून दोन्ही पद्धती चालवणारा व्हीसीआर आणि त्याला चालेल असा टीव्ही घेतला होता. शनिवारी रात्री सात-आठ कुटुंबं त्यांच्याकडे जमायची. मुलं वरच्या मजल्यावर धुडगूस घालायची, आम्ही खाली पोह्यांच्या बश्या मांडीवर घेऊन. मग ज्यांना हवी त्यांना ते एनटीएससीमध्ये कॉपी करून देत. त्या कॉपीची आणखी कुणी कॉपी करी. चौथ्या-पाचव्या कॉपीत रंग इतके विटलेले असत, की नटीची साडी लाल की जांभळी यावरून वाद होत.

भाऊ टेप जरा आधीच चालू करून ठेवायचा. म्हणून अनेक टेपांच्या सुरुवातीला ‘आमची माती, आमची माणसं’चा शेवटचा तुकडा सापडतो. बाहेर फूटभर बर्फ, आणि आत आम्ही पंधरा माणसं हरभऱ्यावरच्या घाटेअळीला कोणतं औषध फवारायचं ते ऐकतोय! पहिल्या खेपेला हसून हसून पुरेवाट झाली. पुढच्या वेळी कुणीतरी फास्ट फॉरवर्ड करायला हात पुढे केला, तेव्हा आमच्यातला एक जण, मूळचा अकोल्याकडचा, एका औषध कंपनीत रसायनशास्त्रज्ञ, हळूच म्हणाला, ‘राहू द्या ना जी.’ पडद्यावरचा शेतकरी त्याच्या घरची बोली बोलत होता. तो आमच्याशी पुणेरी मराठीत बोलायचा आणि ती त्यानं शिकून घेतलेली होती, हे आम्हा दादर-पुणेकरांना तोवर कळलंच नव्हतं.

आम्ही तिकडे हे तुकडे जपत होतो तेव्हा वरळीला काय चाललं होतं? मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 रोजी. सुरुवातीच्या वर्षांत पुष्कळसं थेट प्रक्षेपित व्हायचं. ते टेपेवर उतरलंच नाही. जे उतरलं त्यातलंही सगळं टिकलं नाही. टेप महाग होती, म्हणून कार्यक्रम दाखवून झाला की ती पुसून तिच्यावर दुसरा कार्यक्रम चढवायची. तिथे त्या काळी काम केलेल्या अनेकांनी हे हळहळून सांगितलेलं आहे. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. निर्मात्यापुढे आठवडाभरात भरायचा वेळ असे आणि कपाटात मोजक्या टेपा. पुढे याची किंमत वाढेल हे कुणाच्या डोक्यात येणार?

लंडनमध्येही आलं नव्हतं. बीबीसीनं 1960 आणि 70 च्या दशकांत आपले कितीतरी कार्यक्रम असेच पुसून टाकले. 1978 च्या सुमारास ते थांबलं, तोवर व्हायचं ते नुकसान झालं होतं. ‘डॉक्टर हू’ ही त्यांची इतकी गाजलेली मालिका, पण तिचे जुने भाग त्यांच्याकडेच उरले नाहीत. मग ते सापडले कुठे? परदेशात. प्रसारणासाठी बाहेरच्या देशांना प्रती पाठवल्या होत्या, त्यांतल्या काही हाँगकाँगहून परत आल्या. 2013 साली जाहीर झालेले 9 भाग तर नायजेरियातल्या जॉस गावच्या प्रक्षेपण केंद्रावर धूळ खात पडले होते. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनं 1993 पासून हरवलेल्या कार्यक्रमांचा शोध घेण्याचा उपक्रमच चालवलाय. त्यांनी लोकांना सरळ विचारलं : तुमच्याकडे काय आहे?

आपल्याला असं कधी कुणी विचारलंय का? दूरदर्शननं आपले मराठी कार्यक्रम नायजेरियाला विकले नाहीत, हे खरं. पण ते परदेशी पोचले. लोणच्याच्या बरणीशेजारून पोचले. न्यू जर्सी, टोरांटो, लंडन, मस्कत, जिथे जिथे मराठी माणूस नोकरीसाठी गेला तिथे त्याच्या बॅगेतून गेले. आज ती पिढी सत्तरी-ऐंशीत आहे, मोठी घरं विकून लहान घरांत चालली आहे, आणि त्यांच्या मुलांना त्या खोक्यांचं काय करायचं ते ठाऊक नाही. चुंबकीय फीत काही कायमची नसते. तिचा थर सुटतो, दमट हवेत बुरशी धरते. ती चालवणारी यंत्रंही संपत आली. व्हीसीआर बनवणारी शेवटची नाव घेण्याजोगी कंपनी, जपानची फुनाई, तिनंही 2016 साली उत्पादन बंद केलं. म्हणजे हे काम दहा वर्षांनी करू म्हटलं तर होणार नाही.

माझं म्हणणं इतकंच आहे, की हे गोळा करणं दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीचं काम आहे, आमच्यासारख्या हौशी लोकांचं नाही. आणि हे काम त्यांच्या अंगावर मी ढकलत नाहीये. प्रसार भारतीचा 1990 चा कायदा काढून बघा. बाराव्या कलमात महामंडळाची कामं आणि अधिकार दिले आहेत, त्यांत रेडिओ आणि दूरचित्रवाणीच्या सामग्रीचं ग्रंथालय उभारून ते चालवण्याचाही उल्लेख आहे. दूरदर्शनकडे संग्रह नाहीच, असंही नाही. त्यातलं निवडक ते यूट्यूबवर टाकतात, 2020 च्या टाळेबंदीत जुन्या मालिका पुन्हा दाखवल्या, 2024 मध्ये ‘वेव्हज’ नावाचा ओटीटी मंच काढला. हे चांगलंच झालं. पण ग्रंथालय आणि दुकानाची शोकेस यात फरक असतो. शोकेसमध्ये काय लावायचं ते दुकानदार ठरवतो. ग्रंथालयात सूची असते आणि वाचक मागतो. स्मिता पाटील सिनेमात येण्याआधी मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचत. त्यातलं एखादं बातमीपत्र मला उद्या बघायचं झालं, तर ते आहे की नाही हे कोणत्या खिडकीवर विचारायचं? गेलं असेल तर ‘गेलं’ असं कुठे नोंदवलेलं आहे का? काय काय हरवलंय याची यादी जरी प्रसिद्ध केली तरी निम्मं काम झालं. बेसमेंटमधल्या माणसाला आपल्या खोक्यात काय शोधायचं ते तरी कळेल.

पुस्तकांच्या बाबतीत आपण हे 1954 सालीच केलं. त्या वर्षीच्या कायद्यानुसार भारतात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत प्रकाशकानं कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन सार्वजनिक ग्रंथालयांना द्यायची असते. त्यांतलं एक मुंबईतलं आहे. कायदा सगळेच पाळतात असं नव्हे, पण तो आहे. त्यामुळे साठ सालचा पाककृतींचा एखादा टुकार संग्रहसुद्धा कुठेतरी सापडण्याची शक्यता असते. दूरचित्रवाणीला असा कायदा नाही. फ्रान्सनं 1992 साली तो केला. त्यांची आयएनए ही संस्था 1975 पासून रेडिओ-टीव्हीचा संग्रह सांभाळते; या कायद्यानंतर कार्यक्रम तिच्याकडे जमा करणं बंधनकारक झालं, आणि 2006 मध्ये तिनं संग्रहाचा मोठा भाग इंटरनेटवर लोकांसाठी खुला केला. आपल्याकडे तर आता खासगी वाहिन्यांचाही प्रश्न आहे. 1999 मध्ये अल्फा टीव्ही मराठी आली, मागोमाग ई टीव्ही मराठी. गेल्या पंचवीस वर्षांत महाराष्ट्रातल्या बैठकीच्या खोलीत संध्याकाळी जे बोललं-ऐकलं गेलं त्याचा मोठा भाग या वाहिन्यांवरचा. वाहिनी विकली जाते, नाव बदलतं, जुन्या मालिका ‘ॲप’वरून एके दिवशी नाहीशा होतात. कुणाला जाब विचारणार?

हक्कांचं काय, असं लगेच विचारलं जाईल, आणि विचारायलाच हवं. प्रसारण संस्थेचा आपल्या प्रक्षेपणावरचा हक्क आपल्या कायद्यात 25 वर्षांचा आहे. म्हणजे माझ्या भावानं 1987 साली टेप केलेल्या संध्याकाळच्या प्रक्षेपणावरचा तो हक्क केव्हाच संपला. पण त्या संध्याकाळी दाखवलेल्या नाटकाच्या संहितेवर नाटककाराच्या वारसांचा हक्क उरतो, गाण्यावर गीतकार-संगीतकारांचा उरतो. स्वतःच्या वापरासाठी घरी टेप करण्याला कायद्याची हरकत नाही. मंडळात कॉप्या वाटण्याला होती, आणि ती आम्ही बेधडक मोडली, हेही सांगून टाकते. त्या काळी कलावंतांना मानधन म्हणून जे काही मिळायचं त्यात हा आमचा फुकटचा प्रयोग बसत नव्हता. म्हणून सगळं उद्याच यूट्यूबवर टाका असं मी म्हणत नाही. ग्रंथालयात येऊन बघता येईल, अभ्यासाला वापरता येईल, एवढ्यापासून सुरुवात करा. वरळीला नको असेल तर पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 पासून आहे, तिथे बसवा चार संगणक. हक्कांचा गुंता सुटेस्तोवर बघू देणं थांबवा हवं तर. पण टेप काही गुंता सुटायची वाट बघत थांबत नाही.

‘यूट्यूबवर लोकांनी टाकलंय की सगळं,’ हे तर मला घरातच ऐकवलं जातं. टाकलंय, आणि टाकणाऱ्यांचे माझ्यावर उपकार आहेत. पण त्यावर तारीख नसते, कलाकारांची नावं कापलेली असतात, कोपऱ्यात कुणाच्या तरी चॅनलचा शिक्का असतो. मी न्यू जर्सीत असताना एका रात्री एका वाहिनीच्या अधिकृत ॲपवर जुनी मालिका शोधून काढली, तर पडद्यावर पाटी : हा कार्यक्रम तुमच्या देशात उपलब्ध नाही. ‘तुमचा देश’ या शब्दांवर त्या रात्री मी बराच वेळ अडून बसले होते. ते असो.

खरा आक्षेप वेगळा आहे आणि तो माझ्या बाजूच्या माणसांनी घ्यायला हवा. आम्ही जे जपलं ते कोणाचं? त्या फोटोतली लेबलं मोठी करून वाचली. नाटक, नाटक, नाट्यगीतं, ‘गजरा’, लेखकाची मुलाखत, गणपतीतला सुगम संगीताचा कार्यक्रम. ही दादर-गिरगाव-सदाशिव पेठेची आवडनिवड आहे. व्हीसीआर ज्यांच्या घरी होता आणि ज्यांचं कुणी अमेरिकेत होतं, त्यांचीच ही निवड. जानेवारी 1982 मध्ये गिरणी संप सुरू झाला, तेव्हा आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर गिरण्या होत्या. दूरदर्शनवर ‘कामगार विश्व’ हा कार्यक्रम लागायचा. तो आमच्या घरी कधी टेप झाला नाही. कुणाच्याच घरी झाला असेल असं मला वाटत नाही, कारण ज्यांच्यासाठी तो होता त्यांना पगार नव्हता, मग व्हीसीआर कुठून असणार? शेतकऱ्याची बोली आमच्या टेपांत आली ती भावाच्या उतावळेपणानं आली.

फिलाडेल्फियात मॅरियन स्टोक्स नावाच्या बाई होत्या, पूर्वी ग्रंथपाल होत्या. त्यांनी 1979 पासून 2012 मध्ये मरण येईपर्यंत घरात अनेक व्हीसीआर लावून टीव्हीवरच्या बातम्या रात्रंदिवस टेप केल्या. सुमारे 70,000 टेपा. लोक त्यांना विक्षिप्त म्हणायचे. पुढे तो सगळा साठा इंटरनेट आर्काइव्ह या डिजिटल ग्रंथालयाकडे गेला. त्यांचं मोठेपण मला यात दिसतं की त्यांनी निवडलं नाही. जे लागलं ते घेतलं. माझ्या भावानं निवडलं, मी निवडलं, प्रत्येक कॉपी करणाऱ्यानं पुन्हा निवडलं. न निवडता ठेवणं ही संस्थेनं करायची गोष्ट आहे, कारण त्याला पैसा लागतो, जागा लागते आणि कशाचाच कंटाळा येऊन चालत नाही.

म्हणून आमच्या खोक्यांनी मराठी दूरचित्रवाणीचा इतिहास उभा राहील असा भ्रम मला नाही. त्यांनी भोकं बुजतील, काही. त्यासाठी करायचं ते अवघडही नाही. बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981 पासून उत्तर अमेरिकेत काम करतंय, दर दोन वर्षांनी अधिवेशन भरवतं, हजारो माणसं येतात. साड्यांचे आणि पुण्यातल्या फ्लॅटांचे स्टॉल लागतात. तिथेच एक टेबल प्रसार भारतीचं लागू दे : टेप द्या, पावती घ्या, महिन्याभरानं घरी डिजिटल प्रत पोचेल. माणसं रांग लावतील. मंत्र्यांच्या भाषणात ‘सातासमुद्रापार मराठी जपणारे आमचे बांधव’ हे शब्द दर अधिवेशनात येतात. बांधवांनी नेमकं काय जपलंय ते एकदा बघून तरी घ्या.

त्या दोन खोक्यांपैकी एक खोकं मार्चमध्ये पुण्याला आलं, त्यांच्या भाच्याबरोबर. 14 टेपा. कर्वे रोडच्या एका फोटो स्टुडिओत जुन्या लग्नाच्या कॅसेटी पेन ड्राइव्हवर उतरवून देतात, तिथे घेऊन गेले. तीन टेपांना बुरशी होती, त्या त्यानं यंत्रात घालायलाच नकार दिला. एकीच्या लेबलावर भावाचं अक्षर होतं : ‘गजरा’, 1987 मधली एक तारीख, आणि लाल शाईचं ‘पुसू नये’, आता गुलाबीसर झालेलं. ती लाव म्हटलं.

आधी घाटेअळी नव्हे, पण कसल्यातरी खताची माहिती आली. मग निवेदिका आली. केसात अबोली, हातात कागद. तिनं ‘गजरा’ सादर होत असल्याचं सांगितलं, किंचित हसली, पडदा हिसका बसल्यासारखा हलला, आणि एक अमेरिकन कार्टून सुरू झालं. रविवार सकाळचं, माझ्या लेकीच्या आवडीचं.

टेप बाहेर काढून बघितली. कडेची चीप मोडलेलीच होती. त्या खाचेवर सेलोटेपचा तुकडा लावलेला होता, पिवळा पडलेला. आमच्या व्हीसीआरवर त्या टेपेला नुसत्या मुंग्या दिसायच्या, एनटीएससीची कॉपी करून झाली होती, रिकामी टेप घरात नव्हती आणि पोरगी रडत होती. सेलोटेप मीच लावला असणार. आमच्या घरी दुसऱ्या कुणाला ते जमत नव्हतं. ती कॉपी कुठे गेली, माहीत नाही.

स्टुडिओतला मुलगा पडद्याकडे बघत होता. ‘मॅडम, हे कार्टून पण घ्यायचंय का पेन ड्राइव्हवर?’

घे म्हटलं.